खानदेशच्या उन्हाळ्यात घरच्या घरी क्लासिक कॉकटेल

घरी कॉकटेल करायचं ठरलं की जळगाव-धुळ्याकडे पहिली चौकशी बाटल्यांची होते. अमुक जिन इथे मिळते का, व्हर्माउथ (वनौषधी घातलेली वाईन) पुण्याहून मागवावी लागेल का, मुंबईचं कोणी येणार आहे का. माझं सांगणं उलटं आहे. आधी बर्फ बघा, मग लिंबू, मग मोजमाप, आणि बाटली सगळ्यात शेवटी. जगभर क्लासिक म्हणून टिकलेली बरीचशी कॉकटेलं मद्य, आंबट, गोड आणि गारवा या चौघांच्या मेळावर उभी आहेत. त्यातले तीन तुमच्या स्वयंपाकघरात आजच हजर आहेत.

१८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राला वाचकाने विचारलं, कॉकटेल म्हणजे काय? संपादकाने उत्तर छापलं: कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (मुळं-मसाल्यांचा कडू अर्क, थेंबाने वापरायचा). यातलं पाणी लक्षात ठेवा. कॉकटेलमध्ये पाणी हा घटक आहे. ते बर्फ वितळून येतं, आणि किती आलं यावर सगळी चव ठरते. मे महिन्यात जिथे पारा ४५ च्या आसपास असतो, तिथे हे पाणी आवरणं हेच शिकायचं खरं काम आहे.

सुरुवातीलाच कायद्याचं. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं, आणि रम, जिन, व्हिस्कीसाठी २५. दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. पार्टी घरची असली तरी हा नियम लागू आहे, म्हणून परवाना काढून ठेवा. नंदुरबारकडच्या मंडळींनी आणखी एक सांभाळायचं. नवापूर रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, आणि गुजरातेत दारूबंदी आहे. गाडीत राहिलेली अर्धी बाटली घेऊन पलीकडे गुजरातेतल्या उच्छलकडे गेलात तर तो गुन्हा ठरतो.

बर्फ

लादीचा बर्फ आणून फोडायची आपल्याकडे सवय आहे. बाटल्या बाहेरून गार करायला तो चालेल, ग्लासात घालू नका. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून राज्यात त्याला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ मध्ये आला. लादी निळसर दिसली तर प्रश्नच मिटला. पांढरी असली तरी ती कोणत्या पाण्याची आहे आणि कुठे ठेवली होती, हे तुम्हाला कळणार नाही. ग्लासातला बर्फ घरचाच हवा.

घरच्या बर्फाला पाणी आरओचं किंवा उकळून गार केलेलं घ्या. बोअरचं जड पाणी गोठवलं की बर्फ पांढराफटक आणि ठिसूळ होतो, त्याची चवही उतरते. फ्रीजसोबत आलेल्या ट्रेमधले चिमुकले तुकडे हलवायला ठीक आहेत, पण ग्लासात ते पाच मिनिटांत पाणी होतात. मोठा तुकडा सावकाश वितळतो, कारण त्याच्या वजनाच्या मानाने हवेला आणि पेयाला लागणारा पृष्ठभाग कमी असतो. त्यासाठी वेगळा साचा विकत घ्यायला नको. स्टीलच्या लहान वाट्या पाण्याने भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. काढताना वाटी उलटी धरून वरून क्षणभर नळाचं पाणी सोडलं की गोळा सुटतो.

काचेसारखा पारदर्शक बर्फ हवा असेल तर एक युक्ती आहे. फ्रीजरमध्ये मावेल असा थर्माकोलचा लहान डबा घ्या, त्यात नीट बसणारा प्लास्टिकचा डबा ठेवा, पाणी भरा आणि झाकण न लावता गोठवा. खालून आणि बाजूंनी थर्माकोल गारवा अडवतो, त्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे व क्षार तळाकडे ढकलले जातात. पूर्ण गोठायच्या आत बाहेर काढा. तळाचं न गोठलेलं पाणी आणि गढूळ थर टाकून द्या, वरचा स्वच्छ ठोकळा सुरीने तोडा. हे प्रत्येक वेळी करायची गरज नाही. पण ओल्ड फॅशन्डमध्ये (व्हिस्कीचं पेय, कृती पुढे आहे) असा एक ठोकळा घातला की करणाऱ्यालाही समाधान वाटतं.

आणखी दोन गोष्टी. आपल्या घरांत फ्रीजरमध्ये मटण असतं, वाटलेला मसाला असतो, लसूण असतो. बर्फ हे सगळे वास धरतो. म्हणून तुकडे तयार झाले की बंद पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात काढून ठेवा. आणि उन्हाळ्यात बर्फ दोन दिवस आधीपासून साठवायला घ्या. फ्रीज सतत उघडबंद होतो, वीज जाते, ऐन वेळी ट्रेमध्ये वर पापुद्रा आणि खाली पाणी निघतं. माणशी अर्धा किलो धरलात तर कमी पडणार नाही.

लिंबू आणि पाक

परदेशी पाककृती वाचताना गोंधळ होतो, कारण त्यांच्याकडे लाइम आणि लेमन ही दोन वेगळी फळं आहेत. आपलं कागदी लिंबू हे लाइम. लहान, पातळ सालीचं, चांगलंच आंबट. लेमन म्हणजे ते मोठं, जाड सालीचं पिवळं फळ. व्हिस्की सावर, कॉलिन्स या पुढे येणाऱ्या पेयांच्या मूळ कृतीत लेमन असतं. तिथे आपण कागदी लिंबू वापरतो तेव्हा रस थोडा कमी घ्यायचा, ३० मिली लिहिला असेल तर २० ते २५. चव किंचित वेगळी येते, पण पेय छान होतं.

रस त्याच दिवशी काढलेला हवा. बाटलीतलं लिंबू कॉर्डियल किंवा सरबताचं सिरप वापरलंत तर पुढचं काहीच साधणार नाही. लिंबू पोळपाटावर तळहाताने दाबून फिरवा, मग कापा. साधारण लिंबातून १० ते १५ मिली रस मिळतो, म्हणजे एका पेयाला दोन लिंबं धरून चाला. एप्रिल-मे मध्ये लिंबाचा भाव चढतो, तेव्हा माणसं रसात काटकसर करतात आणि पेय नुसतं गोड होतं. त्यापेक्षा ग्लास कमी करा. पिळताना साल फार दाबू नका, कडवटपणा उतरतो. रस चहाच्या गाळणीतून गाळा.

पाक म्हणजे इथे तारेचा पाक नाही. एक वाटी साखर, एक वाटी गरम पाणी, विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळायचं नाही. गार झाला की स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे राहतो. गढूळ दिसला किंवा आंबूस वास आला की टाकून द्या. कोरडी साखर थेट घालू नका. गार मद्यात ती विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटचा घोट खडीसाखरेसारखा लागतो.

दुसरी एक बाटली गुळाच्या पाकाची करा. गूळ किसून तेवढ्याच पाण्यात विरघळवा आणि फडक्यातून गाळा, कारण गुळात कचरा असतोच. काळ्या रमशी या पाकाचं फार जमतं. रमही उसाच्या मळीचीच, तेव्हा दोघांचं मूळ एकच.

साधनं

मिली मोजणारं काहीतरी हवंच. ३० आणि ६० मिलीचं पेगमाप मिळालं तर उत्तम. नाही तर खोकल्याच्या औषधावर येतं ते खुणांचं झाकण धुऊन घ्या, त्यात २.५ आणि ५ मिलीही अचूक मोजता येतं. अंदाजाने ओतणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दोष आहे. ‘हात मोकळा’ म्हणून यजमानाचं कौतुक होतं, पण १० मिली रम जास्त पडली की लिंबू-साखरेचा तोल बिघडतो आणि पाहुण्याला दुसऱ्या दिवशी डोकेदुखी.

शेकरऐवजी घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली चालते. काचेची बरणी नको, बर्फाच्या माऱ्याने तडकते. गाळायला चहाची गाळणी, पुदिना चेचायला खलबत्त्याचा बत्ता, ढवळायला लांब दांड्याचा चमचा. ग्लास कोणताही चालेल, फक्त तो अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. स्टीलची बाटलीही ठेवा. आपल्या स्वयंपाकघरातला साधा ग्लासच इतका तापलेला असतो की निम्मा बर्फ त्याला गार करण्यात खर्ची पडतो.

केव्हा हलवायचं आणि केव्हा ढवळायचं, याचा नियम सोपा आहे. रस, दूध, अंडं असेल तर जोरात हलवा. नुसती मद्यं असतील तर बर्फावर ढवळा. हलवल्याने हवा मिसळते आणि फेस येतो, तो लिंबाच्या पेयाला शोभतो. नुसत्या मद्याला तुकतुकीत, जाडसर पोत हवा असतो, तो ढवळूनच राहतो.

पहिलं पेय: टॉम कॉलिन्स

हे सोपं आहे आणि उन्हाळ्याला सगळ्यात धार्जिणं आहे. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. अर्धा भरलात तर बर्फ लवकर वितळतो, पूर्ण भरलेला एकमेकांना गार ठेवतो. ६० मिली जिन, २० मिली लिंबाचा रस, २० मिली साखरपाक घाला आणि ढवळा; रस असला तरी हे पेय ग्लासातच करायचंय, म्हणून हलवायचं नाही. मग फ्रीजमधला कडक गार सोडा हळूच ग्लासाच्या कडेने सोडा, साधारण १०० मिली. चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचला. जास्त ढवळलं की सोड्याचा दम जातो.

जिन नसेल तर व्होडका घ्या, कॉलिन्स तशीही होते. पण जिनमधला जुनिपरच्या फळांचा वास लिंबाशी जे करतो ते व्होडकाने होत नाही. गोव्यात आता चांगल्या देशी जिन तयार होतात, ‘ग्रेटर दॅन’ नावाची त्यातली खिशाला परवडणारी.

एक इशारा इथेच देतो. कॉलिन्स लिंबूसोड्यासारखी लागते आणि उकाड्यात घटाघट जाते. आपल्याकडच्या बाटलीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं आणि घामानेही. प्रत्येक ग्लासामागे एक तांब्या पाणी ठेवा, आणि दोनवर थांबा.

दुसरं: डायक्विरी

इथे वेळ द्या. तीनच जिनसा, लपायला जागा नाही. क्युबात सांतियागोजवळ डायक्विरी नावाचं खाणींचं ठिकाण आहे, आणि जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन खाण अभियंत्याचं नाव या पेयाशी जोडलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. ऊस, लाइम, उकाडा आणि बर्फाची ओढ हे सगळं आपल्याही ओळखीचं आहे.

थंड स्टीलच्या बाटलीत ६० मिली पांढरी रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरपाक. बर्फ भरा, झाकण घट्ट लावा, दोन्ही हातांनी धरून १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. स्टीलवर दव धरून हाताला चटका बसायला लागला की थांबा. यापेक्षा जास्त हलवून पेय फारसं गार होत नाही, पातळ मात्र होत जातं. फ्रीजरमधल्या ग्लासात गाळून ओता. बर्फ घालायचा नाही, आणि लगेच प्यायचं.

आता चाखा आणि विचार करा. जिभेच्या कडा आक्रसल्या तर पाक ५ मिली वाढवा. तोंड चिकट झालं तर रस ५ मिली वाढवा. दोन्ही ठीक पण रम घशाला ओरखडतेय, तर हलवणं कमी पडलं. शेजारी-शेजारी दोन छोटे ग्लास करून एकात पाक थोडा बदलून बघा. हा एक प्रयोग नीट केलात तर आंबट-गोड पद्धतीचं कोणतंही कॉकटेल तुमच्या हाती आलं. रमच्या जागी व्हिस्की ठेवली की व्हिस्की सावर, टकिला ठेवून पाकाची जागा संत्र्याच्या लिक्युअरने (गोड मद्याने) घेतली की मार्गारिटा, पुदिना आणि सोडा वाढवला की मोहितो. प्रमाण जवळपास तेच.

घरात पांढरी रम नसून ओल्ड मंक असेल तर गुळाचा पाक वापरा आणि रस २५ वरच ठेवा. रंग काळपट येतो, चव भारदस्त.

रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात राहून केळ्याची डायक्विरी न करणं मला पटत नाही. हवानातल्या फ्लोरिदिता बारने बर्फ दळून केलेली डायक्विरी गाजवली, केळ्याची त्याच घराण्यातली. पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं केळं सोलून, चकत्या करून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. मिक्सरच्या भांड्यात ६० मिली रम, २५ मिली रस, १० मिली पाक, अर्ध्या केळ्याच्या गोठलेल्या चकत्या आणि मूठभर बर्फ घालून दाट होईपर्यंत फिरवा. गोठलेलं केळंच बर्फाचं निम्मं काम करतं, त्यामुळे पेय पाणचट होत नाही. केळं जास्त घालायचा मोह आवरा, नाही तर ते शिकरण होतं आणि रम हरवते. चिमूटभर मीठ घाला, केळ्याची चव उठून येते.

व्हिस्की सावरबद्दल थोडक्यात

६० मिली व्हिस्की, २० मिली रस, २० मिली पाक. मखमली फेस हवा असेल तर एका अंड्याचा पांढरा बलक घालून आधी बर्फाशिवाय १५ सेकंद हलवा, मग बर्फ घालून पुन्हा. अंडं ताजं आणि न तडकलेलं घ्या. कच्च्या अंड्याचा धोका नको असेल किंवा घर शाकाहारी असेल तर काबुली चणे बिनमिठाचे शिजवून त्यांचं गार झालेलं दाटसर पाणी २० मिली घाला. फेस तितकाच उत्तम येतो आणि वासही लागत नाही.

ओल्ड फॅशन्ड आणि बिटर्सचा प्रश्न

१८०६ च्या व्याख्येच्या सगळ्यात जवळचं पेय हेच. ६० मिली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), ५ मिली पाक, दोन-तीन थेंब बिटर्स. मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट ढवळायचं. वरून संत्र्याच्या सालीची पट्टी ग्लासावर पिळायची, म्हणजे सालीतलं तेल पृष्ठभागावर उडतं, आणि साल आत सोडायची. नागपुरी संत्र्याची साल पातळ असते, सुरीने आतला पांढरा भाग खरवडून घ्या. संत्र्यांचा हंगाम नसेल तर मोसंबी. बर्बन महाग वाटत असेल तर ओल्ड मंक आणि गुळाचा पाक घेऊन करा. मला हे जास्त आवडतं.

अडचण बिटर्सची. अँगोस्टुरा बिटर्स योहान सिगर्ट या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी तयार केलं, आज ते त्रिनिदादमध्ये बनतं. मोठ्या शहरातून एक बाटली मिळाली तर ती वर्षानुवर्षं पुरते. मिळाली नाही तर काष्ठौषधींच्या दुकानात जा आणि काडेचिराईत मागा. बिटर्समध्ये कडूपणासाठी वापरतात ते जेन्शियनचं मूळ आणि आपलं काडेचिराईत एकाच वनस्पतिकुळातले आहेत. १०० मिली व्होडकात चमचाभर चुरलेलं काडेचिराईत, वाळवलेली संत्र्याची साल, दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा आणि दोन ठेचलेल्या वेलच्या काचेच्या बरणीत घाला. काडेचिराईत पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काढून घ्या, फार कडू होतं. बाकीचं आठवडाभर मुरू द्या, रोज हलवा, मग फडक्यातून गाळा. अँगोस्टुराशी हुबेहूब जमणार नाही, पण ओल्ड फॅशन्डला कणा मिळतो. थेंबानेच वापरा.

निग्रोनी, मार्टिनी, मॅनहॅटन ही पुढच्या पायरीची. त्यांना व्हर्माउथ लागते, आणि व्हर्माउथ ही वाईन आहे, उघडली की फ्रीजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवावी लागते. फळीवर उघडी पडलेली बाटली आपल्या उन्हाळ्यात लवकर उतरते.

मळ्यावरच्या मैफलीसाठी

भरीत-पुरी किंवा शेवभाजीचा बेत असेल तर आधी जेवणाचा विचार करा. दारूने मिरचीचा जाळ वाढतो. खानदेशी रश्श्याबरोबर ओल्ड फॅशन्ड दिलीत तर घसा पेटेल. कॉलिन्स द्या, तिचा सोडा आणि लिंबू तोंड धुऊन काढतात. ओल्ड फॅशन्ड जेवणाआधी शेव-शेंगदाण्यांबरोबर.

मळ्यावर फ्रीज नसतो आणि विजेचा भरवसा नसतो, म्हणून काम घरून करून न्या. आठ जणांच्या ओल्ड फॅशन्डसाठी ४८० मिली मद्य, ४० मिली पाक, बिटर्सचे वीसेक थेंब, आणि बर्फ वितळून आलं असतं तेवढं पाणी मोजून १२० मिली. स्वच्छ बाटलीत मिसळा, वर थोडी जागा ठेवा आणि निघायच्या आधी दोन-तीन तास फ्रीजरमध्ये टाका. थर्माकोलच्या पेटीतून नेली की तिथे ओतायचं तेवढं राहतं. कॉलिन्ससाठी जिन, त्याच दिवशीचा रस आणि पाक एका बाटलीत, सोडा वेगळा गार करून.

परत गाडी चालवणारा आधीच ठरवा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि एक नीट मोजलेला ग्लासही काहींना तिथवर नेतो. त्या माणसासाठी उकडलेल्या कैरीचा गर, गुळाचा पाक, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एकत्र करून ठेवा. बर्फाने भरलेल्या उंच ग्लासात ६० मिली घाला, वर गार सोडा सोडा, आणि हा ग्लास सगळ्यांच्या आधी त्याच्या हातात द्या.